विहिरीचं घर

सूर नदीच्या काठी आमचं गाव. गावात चंपतरावांच्या घराला सगळे विहिरीचं घर म्हणत. विहिरी आणखीही होत्या, पण त्या शेतात किंवा वेशीबाहेर. भिंतीच्या आत, अंगणाच्या मधोमध विहीर असलेलं घर ते एकच. चंपतरावांच्या वडिलांनी ती खोदून बांधून घेतली. तेव्हापासून त्या घरच्या बाईच्या डोक्यावर गावानं पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, पाहिला नाही.

बाकी गावाचं तसं नव्हतं. होळी झाली की गावविहीर तळाला जायची आणि बाया पहाटे नदीत उतरायच्या. नदी कोरडी असायची. वाळूत हातानं खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणतात. त्यात पाणी हळूहळू पाझरतं. ते वाटीनं उचलायचं, फडक्यातून गाळायचं, गुंडात ओतायचं आणि पुन्हा पाझरायची वाट पाहायची. घाई करून चालत नाही, घाई केली की वाळू येते. तेवढा वेळ बाईला बसावंच लागतं. दोन्ही काठांच्या गावांच्या बाया तिथं बसायच्या. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेला मार बसला, कोणाच्या पोरीला पाहुणे आले, हे सगळं आधी झिऱ्यावर कळायचं, मग गावात.

चंपतरावांची सून जयवंता. तिच्या वडिलांनी विहीर पाहूनच या घरात पोरगी दिली. त्यांचं गाव उमरेडकडचं, तिथं पाण्याचे फार हाल. त्यांची बायको दोन पोरी मागं ठेवून लवकर गेली. पाणी वाहून वाहूनच ती गेली, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. सोयरिकीच्या वेळी जमीन किती, बैल किती, हे त्यांनी विचारलं नाही. विहिरीत वाकून पाहिलं, वर येऊन तोंड पुसलं आणि होकार दिला.

मोठी पोरगी कौशल्या आधीच नदीपलीकडच्या गावात दिलेली होती. आईमागं जयवंताला तिनंच वाढवलं. वेणी घालायला, भाकर थापायला, साप दिसला तर गप्प उभं राहायला तिनंच शिकवलं. दोघी बहिणी आता एकाच नदीच्या दोन काठांना राहतील, म्हणून लग्नात कौशल्या सगळ्यांत जास्त खूश होती.

पण चंपतरावांच्या अंगणातल्या पंगतीतच बिघडलं. कौशल्याचा नवरा बाबनराव थट्टेखोर माणूस. विहिरीचं पाणी प्यायला, तोंड वाकडं केलं आणि चार माणसांत म्हणाला, "विहीर तं मोठी हाये व्याहीबुवा. पण दाळ शिजते काय इच्या पाण्यात?"

पंगत हसली. पाणी थोडं जड होतं हे खरं. दाळीला दोन लाकडं जास्त लागायची. पण शिजायची. चंपतराव ताटावरून उठले आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरात सांगितलं की नदीपलीकडचं येणं-जाणं बंद. तिकडे बाबनरावालाही कळलं. त्यानंही कौशल्याला बजावलं की त्या घराची पायरी चढायची नाही.

जयवंताला पहिले काही दिवस बरंच वाटलं. सकाळी उठावं, बादली सोडावी, पाणी हजर. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की गावातल्या बाया पाण्यासाठी घराबाहेर पडतात आणि पाण्यासाठी आपल्याला कोणी बाहेर पडू देणार नाही. या घरच्या बाया शेतात जात नव्हत्या. मागं काट्याच्या कुंपणाची वाडी होती. धुणं, आंघोळ, परसाकडं, सगळं तिथंच. वर्षातून एकदा रामटेकला जायचं, तेही छकड्याला पडदा लावून. बाहेरच्या बाया सकाळी हसत-भांडत घरावरून जायच्या. जयवंता भिंतीच्या आत उभी राहून आवाजावरून माणूस ओळखायला शिकली.

त्याच पावसाळ्यात वडील वारले. माहेर संपलं. आता तिचं म्हणावं असं माणूस एकच उरलं होतं, आणि ते नदीच्या पलीकडे होतं.

लग्नानंतरची दुसरी होळी झाल्यावर रुख्माबाई ताक घ्यायला आली. शेजारची ही म्हातारी त्या घरात रोज येणारी एकटीच बाहेरची बाई. सासू जिजाबाई आत गेल्याचं पाहून ती जयवंताला हळूच म्हणाली, "तुही बहीण चालली वं. बाबनराव वाडीले लागला, ट्रकच्या गोदामात. अखजी झाली का बिऱ्हाड हालवून राहिले. रोज झिऱ्यावर मले पुसते, जया कशी हाये म्हून."

जयवंतानं ताकाचा गडवा खाली ठेवला. वाडी म्हणजे नागपूरच्याही पलीकडचं गाव. तिथून कौशल्या पुन्हा कधी येणार, आणि आली तरी कुठं भेटणार? जे काही व्हायचं ते अखजीच्या, अक्षय तृतीयेच्या आत. झिरा घरापासून लांब नव्हता. दारातून निघावं, चिंचेखालून उतारानं खाली जावं, की वाळू लागली.

तिनं नवऱ्याला विचारलं. रुपराव स्वभावानं मऊ होता. आबांचा, म्हणजे चंपतरावांचा, मूड पाहून सांगतो म्हणाला. रोज मूड पाहत राहिला. मग तिनं सासूला विचारलं. जिजाबाई तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "नदीवर कायले जा लागते? पाणी तं घरात हाये."

हे उत्तर जयवंताच्या डोक्यात घुमत राहिलं. पाणी घरात होतं म्हणून ती आत होती. घरातलं पाणी नासलं, तर?

कौशल्यानं लहानपणी शिकवलं होतं की चिंच नेहमी शेवटी. आधी घातली की दाळ दगड होते, मग दिवसभर जाळा. जयवंतानं दुसऱ्या दिवशी दाळ चुलीवर ठेवली आणि आधण येण्याआधीच चिंचेचा कोळ तिच्यात ओतला. या घरात वरण आंबटच असायचं, चवीचा संशय कोणाला येणार नव्हता.

दाळ शिजली नाही. जिजाबाईंनी लाकडं ओली असतील म्हणून तिलाच बोल लावला. दुसऱ्या दिवशी लाकडं वाळकी होती, तरी तेच. तिसऱ्या दिवशी रुपरावानं घास चावला आणि म्हणाला, "हे दाळ हाये का छर्रे?" नणंद पुष्पलता फिसकन हसली. चंपतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी ताटातला एक दाणा उचलला, दोन बोटांत दाबून पाहिला, बराच वेळ पाहत राहिले आणि ताटाच्या कडेला ठेवला. पंगतीत बोललेलं ते वाक्य त्यांना ऐकू येत असणार.

आता हे म्हणतील, झिऱ्याचं पाणी आणा, असं जयवंताला वाटलं. घरात तीनच बाया. पुष्पलता लग्नाची, तिला नदीवर धाडणार नाहीत. सासू घराबाहेर जात नाही. राहिली आपण. रात्री तिनं माळ्यावरचा जुना पितळी गुंड मनातल्या मनात घासूनही ठेवला.

चंपतरावांनी आधी विहीर उपसली. गावात कळू नये म्हणून माणसं रामटेकहून आणली. गाळ काढला, तुरटी टाकली, नवं पाणी भरू दिलं. जयवंता चिंच टाकत राहिली. दाळ तशीच. मग एका संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. ते म्हणाले की उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की असं होतं, पाऊस पडला की सुधरेल. तोवर या घरात दाळ करायची नाही. झुणका करा, ताक आहे, भाकर आहे. आणि ही गोष्ट भिंतीबाहेर गेली तर माझ्याशी गाठ आहे.

त्या दिवसापासून पुढच्या दाराला दिवसाही कडी लागू लागली. चुलीपर्यंत येणारं बाहेरचं कोणी नको, म्हणून रुख्माबाईचं ताकही बंद झालं. ती दारावर हाका मारून गेली, दोन दिवस आली, मग यायची थांबली. कौशल्याचा निरोप येण्याचा एकच रस्ता होता, तोही गेला. आधी दार उघडं असायचं आणि जाता येत नव्हतं. आता ते बंद होतं, आणि जयवंतानंच ते बंद करवून घेतलं होतं. चिंच टाकायची थांबवली तरी उपयोग नव्हता. दाळ चुलीवर चढतच नव्हती, थांबवणार काय?

तेवढ्यात पुष्पलताला पाहायला मौद्याकडचे पाहुणे येणार असल्याचा सांगावा आला. हनुमान जयंतीच्या दिवशी. पाहुण्यांपुढं झुणका कसा ठेवणार? धानाच्या मुलखातले लोक, वरण-भात झाल्याशिवाय जेवण झालं असं मानत नाहीत. चंपतराव दोन दिवस अंगणात येरझारा घालत होते. पाणी भरायला बाई लावावी तर गावभर होणार. विहिरीच्या घरात पाणी विकत येतं, ही बातमी नदीपलीकडे पोचायला दुपार लागली नसती.

जयवंता भाकरी थापत होती. तिचं सगळं लक्ष ओसरीवर होतं. आता हाक येईल असं वाटत होतं.

हाक आली नाही. जिजाबाई उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी वैशाखाचा नेम धरते. महादेवाले रोज नदीचं पाणी. हनुमान जयंतीपासून अखजी होऊन पुनवेपर्यंत. देवाले घालून उरलं तं सयपाकाले. नेमाले कोण काय म्हणन?"

चंपतरावांनी तिच्याकडे पाहिलं. ही बाई इतकं लांब वाक्य त्यांच्यापुढं कधी बोलली नव्हती. मग त्यांची मान हलली. नेमाला कोणी काही म्हणणार नव्हतं. उलट घराचं नावच झालं असतं.

हनुमान जयंतीला उजाडायच्या आधी जिजाबाई डोक्यावर चुंबळ आणि गुंड घेऊन निघाल्या. चंपतरावांनी स्वतः कडी काढली. त्या परत आल्या तेव्हा चांगलं उजाडलं होतं. पाय घोट्यापर्यंत वाळूनं भरलेले, पदर ओला, चेहरा लाल. गुंड उतरवून घ्यायला जयवंता पुढं झाली. जिजाबाई धापा टाकत होत्या आणि हसत होत्या. सासू हसताना तिनं पहिल्यांदा पाहिली.

दाळ चुलीवर चढली. जयवंताच्या हाताशी चिंचेचं मडकं होतं. गोड्या पाण्यातही दाळ शिजली नाही, तर खोट पाण्यात नाही हे उघड होईल. शिजली, तर विहीर वाईट ठरेल आणि सासू रोज जाईल. दोन्हीकडून ती आतच राहत होती. पुष्पलता दारातून डोकावून दोनदा पाहून गेली, तिचा जीव वर-खाली होत होता. जयवंतानं मडक्यावर झाकण ठेवलं. दाळ लोण्यासारखी शिजली. पाहुण्यांनी दोनदा वरण मागून घेतलं. पुष्पलता पसंत पडली.

नंतर रोज पहाटे जिजाबाई जाऊ लागल्या. आधी लवकर यायच्या, मग उशिरा. आल्या की बोलायच्या. ज्या घरात दिवसदिवस भांड्यांचाच आवाज असायचा तिथं आता चुलीपाशी झिरा उतरून यायचा. कोणाच्या झिऱ्यात बकरी पडली, कोणी कोणाच्या जागेवर गुंड मांडला म्हणून केस धरले, रुख्माबाई कशी रुसून बसली होती आणि तिची समजूत कशी काढली. जिजाबाई हातवारे करून सांगायच्या. जयवंता सगळं गिळून घ्यायची आणि ज्या एका नावाची वाट पाहायची ते नाव येतं का पाहायची.

ते कधीतरी यायचं. तुही बहीण होती आज, एवढंच. काय म्हणाली विचारलं तर, काय म्हणन, पुसत होती. मग पुन्हा बकरी.

अखजी उद्यावर आली. कौशल्याची गाडी अखजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच निघणार, हे जिजाबाईंनीच सांगितलं होतं. दुपारी घरात सगळे झोपले होते. जयवंता सासूच्या पायाशी जाऊन बसली. परवाचा एक दिवस तुमच्या जागी मला जाऊ द्या, असं ती म्हणाली. तोंडावर पदर घेईन, कोणाशी बोलणार नाही, गुंड भरून परत येईन. नेम मोडणार नाही, पाणी मी तुमच्याच नावानं महादेवाला घालीन.

जिजाबाईंनी ओसरीकडे एकदा नजर टाकली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी दाळीचा गंज घासतानी तळाले चिकटलेला चिंचोका सापडला मले. चिंच आंधीच पडली, समजलं मले."

जयवंता मागं सरकली. तिनं विचारलं, "मंग बोलल्या काहून नाई, आत्याबाई?"

"बोलली असती तं तू थांबली असती."

बाहेर विहिरीच्या चाकावर कावळा बसला होता. त्याच्या वजनानं चाक कुरकुरलं. जिजाबाई तिकडेच पाहत होत्या.

"मी इथं आली तेव्हा मले न्हाण बी नव्हतं आलं," त्या म्हणाल्या. "माय बी म्हणे, नशीबवान पोरगी, घरात विहीर. तवापासून मी या भिंती पाहून राहिली. तुले बहिणीले पाहाचं हाये, समजते मले. पण परवा तू गेली, तं त्याइच्या ध्यानात येईन का तरणी सून असतानी म्हातारीले काहून धाडा. मंग नेम तुह्या गळ्यात. नाई तं एखाद्यानं तुह्याकडे पाह्यलं म्हणतीन, अन् दोघीलेही बंद करतीन. मले तेवढंच हाये वं."

"मी मामाजीले सांगते चिंचेचं."

"सांग," जिजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मंग दोघी बसू आत."

संध्याकाळी जयवंता चंपतरावांना पाणी द्यायला अंगणात गेली. सांगायचं असं ठरवूनच गेली. ते विहिरीच्या काठावर हात टेकून आत पाहत होते. गेल्या महिन्यात त्यांची पाठ वाकल्यासारखी झाली होती. त्यांनी गडवा घेतला, पण प्यायले नाहीत. सुनेशी ते सहसा बोलत नसत. त्या दिवशी तिच्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "सूनबाई, पावसाळ्यात सुधरन काय वं पाणी?"

सांगायला एवढी चांगली जागा पुन्हा मिळाली नसती. पाण्याला काही झालेलं नाही, असं म्हटलं की या माणसाची पाठ सरळ होणार होती. मग कडी लागणार होती ती कायमची. सासू रागावून नव्हे, नुसती गप्प बसून उरलेला जन्म तिच्याकडे पाहत राहिली असती. कौशल्या तरीही जाणारच होती, आणि तिची शेवटची खबर आणणारं माणूसही उरलं नसतं. न सांगावं तर काय मिळणार होतं? बकरीची गोष्ट, आणि तिच्या शेपटाला बांधलेलं एक नाव.

"सुधरन, मामाजी," ती म्हणाली आणि आत आली.

अखजीच्या दिवशी पुरणपोळी झाली, पितरांना पान झालं. पुरणाला झिऱ्याचंच पाणी होतं. जयवंतानं रुपरावाला शेवटचं एकदा विचारलं. उद्या सकाळी ओसरीवरचं लक्ष जरा दुसरीकडे वळवा, मी मागच्या कुंपणातून जाऊन येते. रुपराव घाबरला. त्यानं काट्यांकडे पाहिलं आणि म्हणाला की पायाला लागेल. पुढच्या वर्षी आपणच वाडीला जाऊ, मी नक्की नेतो. त्याला ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिजाबाई गेल्या. जयवंता अंगणात उभी राहिली. झाडायचं झालं, सडा झाला, बैलांना पाणी झालं. उन्हाची तिरीप भिंतीवरून खाली उतरली तरी सासू येईना. नदीच्या बाजूनं गाडीच्या चाकांचा आवाज आल्यासारखं वाटलं. गाडी कोणाचीही असेल. अखजीच्या दिवसांत गाड्या जातच असतात. ती भिंतीला कान लावून उभी राहिली. आवाज दूर गेला आणि ऐकू येईनासा झाला.

मग दारावर थाप पडली. जिजाबाई आत आल्या. आज त्या हसत नव्हत्या. जयवंतानं दोन्ही हातांनी गुंड उतरवून घेतला आणि काहीच विचारलं नाही. विचारलं तर पुन्हा तेच चार शब्द मिळतील, याची तिला भीती वाटली.

जिजाबाईंनी चुंबळ काढली आणि आपणच बोलल्या.

"निघाली ते. गुंड तिनंच देला माह्या डोक्यावर. मले म्हणे, जया कशी दिसते आता? मी म्हटलं, बरी हाये. म्हणे, तसं नाई, तोंड कसं दिसते ते सांगा. वाळली का, गालावर मास हाये का." त्या थांबल्या. "मले सांगताच नाई आलं वं. दोन वर्स झाले तू इथं, अन् मले सांगता नाई आलं."

त्यांचे हात ओले होते. तसेच ओले हात पुढं करून त्यांनी जयवंताचा पदर कपाळावरून मागं सारला आणि तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. जयवंतानं डोळे खाली घातले. जिजाबाईंनी तिला वर पाहायला लावलं. एखादी वस्तू विकत घेताना बाई पाहते तसं नाही, हरवलेलं काही शोधताना पाहते तसं त्या पाहत राहिल्या.

"डाव्या गालावर तीळ हाये तुह्या," त्या म्हणाल्या. "आता सांगू कोणाले."

ओसरीवरून चंपतरावांनी विचारलं की दार अजून उघडं का आहे.

जिजाबाईंचा हात जयवंताच्या हनुवटीवरच होता. तो जयवंतानं बाजूला केला, पदर पुन्हा पुढं ओढला आणि स्वतः जाऊन कडी लावली.